शिबं, कोंडा आणि बुरशीविरोधी औषधांची चाचणी: रिपोर्ट हाती घेण्याआधी

पाठीवर, छातीवर उठणारी शिबं आणि डोक्यातला हट्टी कोंडा यांच्यामागे बहुतेक वेळा मॅलेसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असते. ती कुठून बाहेरून चिकटलेली नसते. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या त्वचेवर ती कायम राहते आणि घाम, दमट हवा, तेलकट त्वचा असे निमित्त मिळाले की फोफावते. त्यामुळे त्रास परत झाला म्हणजे औषध निकामी ठरले, असे लगेच समजू नका.

या यीस्टला लागणारी फॅटी ॲसिडे तिला स्वतः तयार करता येत नाहीत. आपल्या त्वचेवरच्या तेलावरच ती जगते, आणि औषध तिची वाढ रोखते का हे पाहणाऱ्या चाचणीतली खरी अडचण इथेच आहे. कँडिडा या दुसऱ्या यीस्टसाठी ठरलेली प्रमाणित पद्धत म्हणजे ती वाढवायला आरपीएमआय नावाचे तेलविरहित द्रव माध्यम, ३५ अंश तापमान आणि २४ तास. मॅलेसेझियाच्या बहुतेक जाती त्यात वाढतच नाहीत. उपाशी यीस्ट वाढली नाही, त्याचे श्रेय औषधाला कसे द्यायचे? म्हणून आम्ही प्रयोगशाळेत तेलयुक्त माध्यम वापरतो, तापमान ३२ अंशांच्या आसपास ठेवतो आणि निदान तीन दिवस थांबतो. चाचणीच्या प्लेटमधल्या औषध न घातलेल्या खणात भरघोस वाढ दिसली नाही, तर ती चाचणी रद्द करून पुन्हा लावतो. आधी नमुन्यातून यीस्ट वाढवायलाच आठवडाभर जातो. उशीर होतो तो यामुळे.

चाचणी ९६ खणांच्या प्लेटमध्ये होते. प्रत्येक पुढच्या खणात औषध निम्मे होत जाते: मिलिलिटरमागे १६, ८, ४, २, १ मायक्रोग्रॅम, असे खाली खाली. तेलामुळे द्रव मुळातच गढूळ असल्याने नुसत्या डोळ्यांना वाढ नीट कळत नाही. मग रेझाझुरिन हा निळा रंग घालतो. जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात. वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. रिपोर्टवर औषधाच्या नावासमोर असतो तो हाच आकडा.

हा आकडा वाचताना सर्वाधिक गफलत होते. केटोकोनॅझोलचा आकडा फ्लुकोनॅझोलपेक्षा सहसा बराच कमी येतो, पण दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून लहान तो चांगला असे ठरवता येत नाही. औषध त्वचेत किती पोचते, हे प्लेटला कळत नाही. टर्बिनाफिनचेच पाहा: शिब्यांवर त्याचे मलम काम करते, गोळी मात्र करत नाही. उलट २ टक्के केटोकोनॅझोलच्या मलमात ग्रॅममागे २०,००० मायक्रोग्रॅम औषध असते, तर एमआयसी बहुधा मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्याही खाली असते. एवढी तफावत असताना मलम किंवा शाम्पूने गुण आला नाही, तर ते औषध त्वचेवर पुरेसा वेळ राहिले का, हे आधी बघायला हवे. मॅलेसेझियासाठी 'लागू' आणि 'प्रतिरोधक' यांच्यातली मान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही, म्हणून आमच्या रिपोर्टवर तसे शिक्के नसतात. आकड्याचा अर्थ तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घ्या.

खरे सांगायचे तर पहिल्यांदाच शिबं उठलेल्या माणसाला ही चाचणी लागत नाही. पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान होते. योग्य उपचार नीट घेऊनही त्रास वारंवार उलटत असेल, तर मात्र चाचणी करण्यात अर्थ आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो: बुरशी मेल्यावरही फिकट डाग काही महिने राहतात. डाग दिसतात म्हणून नमुना देऊ नका. बोटाने हलके खरवडल्यावर बारीक कोंडा सुटतो का ते पाहा.

नमुना देण्याआधी बुरशीविरोधी मलम, शाम्पू किंवा गोळ्या किती दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. त्या दिवशी त्या जागी तेल, पावडर, क्रीम काही लावू नका. घरून नमुना पाठवत असाल तर पापुद्रे कोरड्या, स्वच्छ कागदाच्या पुडीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. आधी वापरलेल्या औषधांची नावे आणि शेवटची तारीख पुडीवर लिहा.