फायटिंग गेम नवख्यांसाठी नसतात, हा गैरसमज
लांबलचक कॉम्बो (एकापाठोपाठ जोडलेल्या वारांची साखळी) पाठ केल्याशिवाय फायटिंग गेमला, म्हणजे दोन पात्रांच्या लढतीच्या व्हिडिओ गेमला, हात लावू नये, असे सोलापुरातील अनेक मुले आजही मानतात. हे खरे नाही. २ जून २०२३ रोजी आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मधील ‘मॉडर्न’ नियंत्रणात, पूर्वी कंट्रोलरची स्टिक पाव वर्तुळात फिरवून काढावा लागणारा विशेष वार एक दिशा आणि एक बटण दाबून निघतो. मात्र अशा सोप्या वाराची इजा २० टक्के कमी ठेवली आहे, आणि ही किंमत मला रास्त वाटते. ‘टेकन ८’ या गेममध्येही ‘स्पेशल स्टाइल’ ही अशीच सोपी नियंत्रणपद्धत लढतीच्या मध्येच एका बटणाने चालू-बंद करता येते. खरी कसोटी बोटांची नसून अंतर आणि वेळ ओळखण्याची आहे: प्रतिस्पर्ध्याचा मोठा वार अडवून, तो सावरण्याआधी एक साधा ठोसा देणे नवख्यालाही लवकर जमते.