घोडबंदरच्या रांगेत क्लच कशाने जळतो?

एकाच दिवशी शोरूममधून निघालेल्या, एकाच मॉडेलच्या दोन मॅन्युअल गाड्या घ्या. एक रोज नवी मुंबईत नेरुळहून मोकळ्या पाम बीच मार्गाने वाशीला जाते. दुसरी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीहून निघते आणि मानपाडा, कापूरबावडी, तीन हात नाका अशी रांगा काढत मुलुंडला पोहोचते. पहिलीची क्लच प्लेट लाखभर किलोमीटर सहज निभावते, दुसरीची 40 हजारांच्या आसपासच हात टेकते. गॅरेजमध्ये याचे कारण ‘ट्रॅफिक’ असे एका शब्दात सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच आहे, कारण त्याच रांगेत, तशाच गाडीत दुसऱ्या चालकाचा क्लच दुप्पट टिकतो. क्लच प्लेट किलोमीटरवर झिजत नाही, ती किती घसरली यावर झिजते.

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील नावाची ओतीव लोखंडाची जड चकती असते. तिच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते. या दोघींच्या मधे चाकांकडे ताकद नेणाऱ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकणारी क्लच प्लेट असते, लहान गाडीत साधारण 180 ते 200 मिलिमीटर व्यासाची. पेडल मोकळे असताना डायफ्रॅम स्प्रिंग प्रेशर प्लेटला दाबून धरते आणि तिन्ही भाग एकजीव फिरतात. पेडल पूर्ण दाबले की प्लेट सुटी होते. या दोन्ही अवस्थांत घासणे नाही, म्हणून झीजही नाही. झीज होते ती फक्त मधल्या अवस्थेत, जिला आपण हाफ क्लच म्हणतो. तेव्हा फ्लायव्हील एका वेगाने फिरत असते, प्लेट दुसऱ्या, आणि स्प्रिंग त्यांना एकमेकांवर रेटत असते. झिजायला तिथे फारसा मालही नाही. प्लेटच्या दोन्ही बाजूंचे घर्षण-अस्तर रिव्हेटने बसवलेले असते आणि रिव्हेटच्या डोक्यांवर, नव्या प्लेटमध्येसुद्धा, एक-दीड मिलिमीटरच जाडी असते. गाडीचे सगळे क्लच-आयुष्य तेवढ्यात.

उभी गाडी हलवायची तर थोडे घसरणे अटळ आहे, कारण इंजिन फिरते आहे आणि चाके थांबलेली आहेत. माणसे धरून 1200 किलो वजनाची गाडी घेऊ. पहिला गिअर आणि डिफरन्शियल (गिअरबॉक्स आणि चाकांमधला गिअरसंच) मिळून इंजिनच्या साधारण 14 फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. इंजिन 1300 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 1300 फेऱ्यांवर, ठेवून क्लच सोडला, तर गाडी ताशी 10 किलोमीटरला पोहोचते तेव्हा प्लेट आणि फ्लायव्हीलचा वेग जुळतो आणि घसरणे थांबते. त्या क्षणी गाडीत सुमारे 4.6 किलोज्यूल गतिज ऊर्जा आलेली असते. इंजिनचा वेग स्थिर धरला, तर सपाट रस्त्यावर जेवढी ऊर्जा गाडीला मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. क्लच हळू सोडा की भराभर, हा निम्मा वाटा बदलत नाही. म्हणजे गाडी एकदा उचलली की प्लेटवर 4.6 किलोज्यूल उष्णता.

खरा फरक रेस किती दिली याने पडतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1300 ऐवजी 2600 आरपीएमवर क्लच सोडला तर वेग जुळायला गाडी ताशी 20 किलोमीटरवर जावी लागते आणि उष्णता चौपट होते, 18 किलोज्यूलच्या पुढे. उलट ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पायच न लावता, 800 आरपीएमच्या आयडलवर क्लच सोडला तर गाडी ताशी सहा-सव्वासहा किलोमीटरला जुळून जाते आणि उष्णता दोन किलोज्यूलच्याही आत राहते. गाडी तीच, रांगही तीच, पण एकाची प्लेट दुसऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी दहापट तापते. रांग हलताना उगाच दुसऱ्या गिअरवर गाडी उचलण्याची सवय पुष्कळांना असते. तिथे एकूण गुणोत्तर आठाच्या आसपास येते, त्यामुळे पहिल्याच्या मानाने तिप्पट उष्णता होते.

तरीही गाडी उचलण्याने क्लच तितका खचत नाही, जितका चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याने खचतो. ठाण्या-नवी मुंबईत असे चढ पावलोपावली आहेत. गायमुख घाट आहे, बेलापूरला पारसिक हिलचा रस्ता आहे, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे टॉवरच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प. सकाळी गेटवर तीन गाड्या थांबल्या की चौथी रॅम्पवर अडकते आणि चालक ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवतो.

दहा मीटरला एक मीटर चढ असलेल्या रॅम्पवर आपली 1200 किलोची गाडी मागे खेचणारे बल, चाकांचा रोध वजा करून, हजार न्यूटनच्या थोडे वर असते. चाकाची त्रिज्या आणि गिअरचे गुणोत्तर लक्षात घेतले तर ते थोपवायला क्लचवर सुमारे 21 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. इंजिन 1000 आरपीएमवर फिरते आहे, प्लेट स्थिर आहे. या दोहोंचा गुणाकार सव्वादोन किलोवॉटच्या घरात जातो. न्हाणीघरातला साठवणीचा गिझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. तेवढी उष्णता थाळीएवढ्या चकतीच्या पृष्ठभागावर, आणि गिझरसारखे ती शोषून घ्यायला पाणी नाही. अर्धा मिनिट गाडी अशी धरली की 67 किलोज्यूल झाले, म्हणजे गाडी नीट उचलण्याच्या चौदा खेपा. आणि गाडी इंचभरही पुढे गेलेली नसते.

ही उष्णता जायला वाट फारशी नाही. क्लच बंद घरात असतो, वारा लागत नाही, तेल-पाण्याचा थंडावा नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट हेच तिचे कोठार. ती सावकाश तापतात, पण घासला जाणारा पृष्ठभाग काही सेकंदांत त्यांच्या कितीतरी पुढे निघून जातो. प्लेटचे अस्तर तंतू आणि रेझिन मिळून बनलेले असते. रेझिन अति तापले की त्याचे विघटन होऊन वायू सुटतात. घाटात जो जळका, नाकात बसणारा वास येतो तो हाच. वायूचा पातळ थर मधे आला की पकड आणखी सैल होते, मग चालक आणखी रेस देतो आणि आग वाढत जाते. निवल्यावर अस्तर काचेसारखे गुळगुळीत होऊन बसते. वास आला की पुढे रेटू नका. सुरक्षित जागी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, पाय काढा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असे नाही. तो पुन्हापुन्हा येऊ लागला तर मात्र ती फार दिवस राहणार नाही.

मग रांगेत चालवायचे कसे? समोरची गाडी दोन हात सरकली की आपणही सरकायचे, हा हट्ट सोडावा. तीन-चार गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी, मग पहिल्या गिअरमध्ये रेस न देता क्लच सावकाश पूर्ण सोडावा आणि पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवावा. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये संगणक आयडल सांभाळतो. एसी चालू असला तरी सपाट रस्त्यावर गाडी स्वतःहून सहा-सात किलोमीटर वेगाने सरकत राहते, बंद पडत नाही. मधल्या जागेत रिक्षा घुसेल, हे मान्य. ती घुसू द्यावी; रिक्षाने दहा फूट घेतल्याने आपले काही जात नाही, दहा वेळा गाडी उचलल्याने मात्र जाते.

सिग्नलला थांबायचे असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. काही जण पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून बसतात. त्याने प्लेट झिजत नाही, हे बरोबर. पण पेडल दाबल्यावर डायफ्रॅम स्प्रिंगला रेटणारे रिलीज बेअरिंग तेवढा वेळ पूर्ण दाबाखाली फिरत राहते आणि तेही याच क्लच सेटचा भाग आहे. चालू गाडीत पेडलवर पाय टेकवून ठेवणे त्याहून वाईट. पायाच्या नुसत्या वजनानेही स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि प्लेट नकळत घसरते.

चढावरची पद्धत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलीच असते, पुढे विसरली जाते. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, रेस 1300-1500 आरपीएमपर्यंत. क्लच एवढाच सोडावा की इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. तिथे पाय स्थिर. हँडब्रेक खाली, गाडी निघाली, क्लच पूर्ण मोकळा. यात घसरण्याचा काळ दोन-तीन सेकंदांचा. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरली जाते, तेवढ्यात निघायचे. पोडियमवर चढताना वरची वाट मोकळी झाल्यावरच रॅम्पला लागावे. रिव्हर्समध्ये रॅम्प चढणे टाळता आले तर उत्तम. बेतशीर मागे जायचे म्हणून आपण तिथे संपूर्ण वेळ हाफ क्लचवरच असतो.

ऑटोमॅटिक घेतली की हा प्रश्न मिटतो, असे समजून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एएमटीमध्ये हाच कोरडा क्लच असतो, फक्त पेडलचे काम ॲक्चुएटर, म्हणजे संगणकाने चालणारे यंत्र, करतो. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरने गाडी तोलली तर उष्णतेचे वरचे गणित तसेच्या तसे लागू. कोरड्या डबल क्लचच्या गाड्यांचेही तेच. तिथे क्लच तापल्याची सूचना डॅशबोर्डवर येते. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये घसरण्याचे काम तेल करते आणि ते तेल थंड होत राहते, म्हणून रांगेत तो निर्धास्त. विजेच्या गाडीत मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते, तिला असा क्लच लागतच नाही. रोजचा रस्ता घोडबंदर किंवा शिळफाटा असेल, तर गाडी निवडताना हा मुद्दा मायलेजच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानावा.

प्लेट संपत आल्याचे पहिले लक्षण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दिसते. रात्री मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात ताशी 50 वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा एकदम उडाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. खालच्या गिअरमध्ये हे लपते, कारण तिथे गाडी हलकी धावते आणि क्लचवर पूर्ण भार क्वचितच येतो. दुसरी खूण पेडलची. प्लेट पातळ झाली की डायफ्रॅम स्प्रिंगची बसण्याची स्थिती बदलते, त्यामुळे पेडल जड होत जाते आणि क्लच फार वर पकडू लागतो.

सेकंडहँड गाडी बघताना आणखी एक चाचणी करावी, पण एकदाच. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकही दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि रेस न देता क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड ठीक आहे. फुरफुरत चालूच राहिले, तर किंमत ठरवताना क्लच सेटचा खर्च वजा धरावा.

प्रत्येक त्रास मात्र प्लेटचा नसतो, आणि इथे विनाकारण खर्च होतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल मोकळे असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. पेडल मऊ पडून रिव्हर्स पडताना खरखर झाली, तर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये आधी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती बघावी. या क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असते आणि ते हवेतली ओल शोषते. गाडी उचलताना थरथर आणि जोडीला इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल, तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गेलेले असू शकते. ते न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तेलात भिजणार. खाडीकाठच्या सोसायट्यांत पावसाळाभर उभी राहिलेली गाडी गिअरमध्येच जात नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता असते. आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणली तर हे होत नाही.

क्लच बदलण्यात मोठा खर्च गिअरबॉक्स खाली उतरवण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट एकत्रच बदलावा. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवून सहा महिन्यांनी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात शहाणपण नाही. जुनी प्लेट मागून घ्या आणि हातात घेऊन बघा. रिव्हेटच्या डोक्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अस्तर उरले असेल तर ती बदलण्याजोगीच होती. रिव्हेट उघडे पडले असतील तर त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चर पाडलेले दिसतील. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग हे अति तापल्याचे. डाग, चर किंवा बारीक तडे असतील तर ते तपासून, लागल्यास फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) किंवा बदलूनच नवा सेट बसवावा, नाहीतर नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. प्लेट मधोमध आणायला अलाइनमेंट टूल वापरावे, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. नवे अस्तर फ्लायव्हीलवर बसायला वेळ घेते. पहिले 500 किलोमीटर जोरात रेस देऊन गाडी उचलू नये आणि त्या काळात पूर्ण भरलेल्या गाडीने घाटही शक्यतो टाळावा.