मार्श वेगळा, बोल्स वेगळा

सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश फुटबॉलच्या आठवणीने गहिवरणारा माणूस भेटला की थोड्याच वेळात एक यादी ऐकावी लागते. फ्रँक वर्दिंग्टन, टोनी करी, ॲलन हडसन, पीटर ऑसगुड, चार्ली जॉर्ज, रॉडनी मार्श, स्टॅन बोल्स. मानेवर रुळणारे केस, घोट्यापर्यंत घसरलेले मोजे, मॅनेजरशी भांडणं, आणि शेवटी ठरलेला उसासा: असे अवलिये आता होत नाहीत. यादीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीतल्या शेवटच्या दोघांची जी खिचडी होते तिच्याबद्दल. १९६७चा कप बोल्सच्या खात्यावर टाकतात, १९७६मध्ये हुकलेलं लीगचं विजेतेपद मार्शच्या. सट्ट्याचा नाद मार्शला चिकटवतात आणि फ्लोरिडातला क्लब बोल्सला. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. या यादीत जॉर्ज बेस्टला घुसवू नका. तो बेलफास्टचा, उत्तर आयर्लंडकडून खेळणारा. ‘इंग्लिश’ म्हणून यादी करायची आणि सुरुवात बेस्टपासून करायची, हे पाहिलं की मी पुढचं वाचतच नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडे रॉडनी मार्श म्हटल्यावर लिलीच्या चेंडूंवर झेल टिपणारा, जाड मिश्यांचा ऑस्ट्रेलियन यष्टिरक्षक डोळ्यांसमोर येतो. तो निराळा. त्याच्याबद्दल काही सांगायची गरज नाही, आपल्याला तो चांगलाच ठाऊक आहे.

गोंधळ होतो तो मात्र अगदीच निष्कारण नाही, हे मान्य. दोघेही पश्चिम लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे, म्हणजे क्यूपीआरचे. दोघांच्या पाठीवर दहा नंबर. दोघांचेही केस लांब. मार्श मार्च १९७२मध्ये दोन लाख पौंडांना मँचेस्टर सिटीत गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्लाइलहून बोल्स आला. गंमत अशी, की बोल्स मूळचा मँचेस्टरचा आणि सिटीच्याच तालमीत तयार झालेला. ज्या माल्कम ॲलिसन या प्रशिक्षकाशी त्याचं तिथे फाटलं, त्याच ॲलिसनने पुढे मार्शला विकत घेतलं. म्हणजे मँचेस्टरचा पोरगा लंडनच्या क्लबचा देव झाला आणि लंडनचा देव मँचेस्टरला जाऊन बसला. इंग्लंडसाठी मार्श नऊ सामने खेळला, बोल्स पाच. दोघांचा एकेकच गोल, दोन्ही वेल्सविरुद्ध, दोन्ही कार्डिफमध्ये. मार्शचा १९७२च्या मे महिन्यात, बोल्सचा १९७४च्या. एवढं जुळल्यावर लोक घसरणारच. तरीही लक्षात ठेवायला ही एकच गोष्ट पुरते: हे दोघे एकत्र कधीच खेळले नाहीत. क्लबमध्ये दोघांच्या मध्ये सहा महिन्यांची फट आहे, आणि इंग्लंडच्या संघातून मार्श १९७३मध्ये बाहेर पडल्यावर १९७४मध्ये बोल्स आत आला.

मार्शची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तेव्हा भराभर. १९६६मध्ये फुलहॅमहून पंधरा हजार पौंडांना आला. पुढच्या हंगामात सगळ्या स्पर्धा धरून ४४ गोल. ४ मार्च १९६७ला वेम्ब्लीवर लीग कपचा अंतिम सामना, समोर पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातला वेस्ट ब्रॉम, आणि क्यूपीआर तिसऱ्या विभागातला. मध्यंतराला ०-२. मग रॉजर मॉर्गनचा गोल, मग मार्शची ती एकट्याची चाल आणि बरोबरी, मग मार्क लॅझरसचा विजयी गोल. ३-२. लॅझरसचं नाव मुद्दाम घेतोय, कारण विजयी गोलही मार्शच्याच नावावर खपवतात. तिसऱ्या विभागातल्या संघाला युरोपात प्रवेश नव्हता, म्हणून कप जिंकूनही क्यूपीआर घरीच बसला. पुढे सिटी, मग १९७६पासून फ्लोरिडातला टॅम्पा बे राउडीज, मध्येच फुलहॅममध्ये बेस्टच्या जोडीने थोडे दिवस. संपलं.

आता मुद्द्याचं.

लोक अडखळतात ते तारखांवर नाही. तारखा कुठेही मिळतात. लोक अडखळतात कारण त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं असतं: जो माणूस मैदानाबाहेर बेबंद, तो मैदानावरही बेबंदच असणार. पैसे उधळणारा, पळून जाणारा, वेळ न पाळणारा माणूस चेंडूही एकट्याच्या हौसेसाठी वापरणार. संघ गेला उडत. या गणिताने बोल्सचा मार्श होतो. प्रत्यक्षात दोघांचं नेमकं उलट आहे. बोल्सचा बेतालपणा बहुतेक सगळा टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, बाहेरचा. मार्शची मनमानी टचलाइनच्या आतली.

मार्शचा खेळ नीट पाहा. चेंडू त्याच्याकडे आला की खेळ थांबतो. तो चेंडू पायाशी धरतो, डिफेंडर जवळ येईपर्यंत वाट बघतो, त्याला चकवतो, आणि बऱ्याचदा पुढे जायच्या ऐवजी परत वळून त्यालाच पुन्हा चकवतो. प्रेक्षक वेडे व्हायचे, आणि का होऊ नयेत? तिसऱ्या विभागाच्या चिखलात असं कोणी पाहिलं नव्हतं. खालच्या विभागात हे चालायचंही, कारण क्यूपीआरची सगळी घडणच त्याच्याभोवती होती. चेंडू मार्शला द्या आणि पुढे पळा.

सिटीत असं नव्हतं. कॉलिन बेल, फ्रान्सिस ली, माइक समरबी हे वेगाचे, सरळ धावणारे, दुसऱ्याच्या धावेवर स्वतःची धाव बेतणारे गडी. सिटी लीगमध्ये आघाडीवर होता आणि त्या चालत्या गाड्याला ॲलिसनने मार्श जोडला. शेवटी डर्बी काउंटी ५८ गुणांनी विजेता. लीड्स, लिव्हरपूल आणि सिटी तिघेही ५७वर, त्यात सिटी चौथा. मार्शने स्वतःच नंतर कबूल केलंय की आपल्यामुळे विजेतेपद गेलं. मला हा कबुलीजबाब जरा जास्तच उदार वाटतो. शेवटच्या सामन्यात सिटीने त्याच डर्बीला २-०ने हरवलं आणि त्यातला एक गोल मार्शचा होता. पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे ते गतीबद्दल. बेल धावत सुटायचा आणि चेंडू अजून मार्शच्या पायाशीच. हा माणूस आळशी होता, उनाड होता म्हणून हे झालं नाही. त्याचं कौतुक ज्यामुळे व्हायचं, नेमकं तेच दुसऱ्या संघात नडलं.

बाकी मार्श काही साधुसंत नव्हता. जीभ तर फारच सैल. २००५मध्ये टीव्हीवर त्सुनामीवरून केलेल्या एका विनोदापायी स्काय स्पोर्ट्सने त्याला घरी पाठवलं. पण त्याची दंतकथा उभी आहे ती चेंडूवर.

बोल्सची दंतकथा उभी आहे सट्ट्याच्या दुकानावर. क्रू अलेक्झांड्रा या त्याच्या आधीच्या क्लबातला त्याचा मॅनेजर अर्नी टॅग म्हणाला होता की हा पोरगा चेंडू जसा पास करतो तसं सट्ट्याचं दुकान टाळून पुढे गेला असता, तर त्याला कशाचीच ददात पडली नसती. वाक्य झकास आहे, म्हणून सगळे तेवढंच सांगतात. मग मे १९७३मधला संडरलंडचा प्रसंग: संडरलंडने चार दिवसांपूर्वी जिंकलेला एफए कप मैदानाच्या कडेला टेबलावर मांडून ठेवलेला, आणि बोल्सने चेंडू मारून तो खाली पाडला. पुढे १९७६चा बीबीसीवरचा ‘सुपरस्टार्स’, म्हणजे नामवंत खेळाडूंना निरनिराळ्या खेळांत झुंजवणारा कार्यक्रम: कनू (छोटी होडी) उलटली, नेमबाजीत टेबलाला भोक पडलं, एकूण सात गुण. हे सगळं खरं आहे आणि मलाही हसू येतं. पण संडरलंडचा तो सामना क्यूपीआरने ३-०ने जिंकला आणि त्यातले दोन गोल बोल्सचे होते, हे किती जण सांगतात?

दहा नंबरचा किस्साही तसाच. मार्श गेल्यावर तो शर्ट घालायला कोणी धजेना. बोल्सने घातला, आणि वर सांगितलं की आपण उत्तरेकडचे, मार्शचं नावही ऐकलेलं नाही. यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या जागी गेल्यावर त्याने खेळ मात्र खरोखरच दुसरा केला.

बोल्स चेंडू धरून ठेवत नाही. तो आघाडीच्या थोडा मागे, विरोधी मिडफिल्ड आणि बचावाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात उभा असतो. चेंडू येतो, एका किंवा दोन स्पर्शांत जातो, आणि तोवर मिडफिल्डर जेरी फ्रान्सिस मागून धावत पुढे निघून गेलेला असतो. भिंतीवर चेंडू मारून पुढे पळावं तसं सगळा संघ बोल्सवर चेंडू मारून पुढे पळायचा. चकवणं त्याला येत होतंच, डावा पाय तर दृष्ट लागेल असा. पण त्याचं चकवणं बरंचसं चेंडूला हात न लावता चालायचं, म्हणजे पाय न लावता म्हणा: खांदा एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि डिफेंडर कुठेच नाही. मार्श डिफेंडरला फजीत करायचा. बोल्स त्याला खेळातून पुसून टाकायचा.

मॅनेजर डेव्ह सेक्स्टनचा क्यूपीआरचा १९७५-७६चा संघ याच सवयीवर उभा होता. सेक्स्टन डच फुटबॉलचा अभ्यासू चाहता, आणि त्याच्याकडे माणसंही तशी होती. मागे फ्रँक मॅक्लिंटॉक, डेव्हिड वेब. मध्ये डॉन मॅसन, जॉन हॉलिन्स, फ्रान्सिस. कडेने डेव्ह थॉमस. पुढे डॉन गिव्हन्स. पहिल्याच दिवशी लिव्हरपूलला २-०ने हरवलं. फ्रान्सिसच्या त्या गोलला वर्षातला सर्वोत्तम गोल ठरवलं गेलं. किती जणांच्या पायांतून फिरत चेंडू तिथवर पोचतो, ते पाहाच. आठवडाभरात गतविजेत्या डर्बीच्या घरात जाऊन ५-१, बोल्सची हॅटट्रिक. ज्याला संघाची पर्वा नाही अशा माणसाभोवती असला संघ उभा राहतो का?

मग ईस्टरला नॉर्विचकडून ३-२ने हार. शेवटच्या सामन्यात लीड्सवर २-० विजय, ५९ गुण, तक्त्यावर पहिला नंबर, आणि दहा दिवस नुसतं बसून राहणं. कारण लिव्हरपूलचा एक सामना बाकी होता. ४ मेला वुल्व्ह्सविरुद्ध लिव्हरपूल ०-१ने मागे होता, शेवटच्या पाऊण तासातला बराच वेळही तसाच गेला, आणि मग तीन गोल. लिव्हरपूल ६०, क्यूपीआर ५९. या वेळी मार्श कुठे होता? सिटीतून बाहेर पडून टॅम्पाच्या वाटेला लागला होता. तेव्हा ‘मार्शच्या क्यूपीआरचं हुकलेलं विजेतेपद’ असं पुन्हा कोणी लिहिलं तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

पुढच्या वर्षी यूएफा कपमध्ये बोल्सचे ११ गोल. मार्शच्या कप जिंकणाऱ्या संघाला ज्या युरोपाचं दार बंद होतं तिथे हे घडलं. उपांत्यपूर्व फेरीत अथेन्सच्या एईकेकडून पेनल्टींवर हरले.

आता तुम्ही म्हणाल, मैदानावर एवढा शहाणा होता तर इंग्लंडचे फक्त पाच सामने का? इथे मैदानाबाहेरचा बोल्स आडवा येतो. १९७४मध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध त्याला मध्येच बाहेर काढून वर्दिंग्टनला उतरवलं, तर हा थेट संघाचा मुक्कामच सोडून निघून गेला. १९८०मध्येही तेच. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना सहकारी जॉन रॉबर्टसनच्या गौरव सामन्यात मॅनेजर ब्रायन क्लफने खेळू दिलं नाही म्हणून रुसला आणि माद्रिदच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याला गेलाच नाही. फॉरेस्ट एक राखीव खेळाडू कमी घेऊन उतरला आणि जिंकला. याचं समर्थन मी करणार नाही, आणि जे लोक हसत हसत ‘काय बिनधास्त माणूस!’ म्हणतात त्यांच्यात तर मुळीच बसणार नाही. सहकाऱ्यांना तोंडघशी पाडणं हे बिनधास्तपणात मोडत नाही. पण दोन्ही वेळा तो चिडून निघून गेला, त्या वेळी चेंडू मैदानावर नव्हता. मार्शच्या बाबतीत तक्रार करायची तर चेंडू चालू असतानाचीच करावी लागते.

शेवटचं, व्हिडिओ पाहणाऱ्यांसाठी. वेम्ब्लीवर पूर्ण पांढऱ्या पोशाखात क्यूपीआर दिसला तर तो १९६७चा, म्हणजे मार्श. निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांत दहा नंबर दिसला आणि कोण ते कळेना, तर चेंडू त्याच्या पायाशी किती वेळ राहतो ते बघा. माझी निवड विचाराल तर एका संध्याकाळचं तिकीट मी मार्शसाठी काढीन, अख्ख्या हंगामाचं बोल्ससाठी, आणि दोन्हींपैकी एकच परवडणार असेल तर बोल्सचं. क्यूपीआरच्या लोकांचा कौलही मला तोच वाटतो. फेब्रुवारी २०२४मध्ये बोल्स गेला, पण त्याआधीच क्यूपीआरच्या लॉफ्टस रोड मैदानाच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलेलं होतं.