वाघाचा नारिंगी रंग जातो कुठे?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत दुपारच्या उन्हात झाडोऱ्याला लागून पहुडलेला वाघ आपल्याला लांबूनच दिसतो. तोच साध्या कृष्णधवल फिल्मवर टिपला, तर प्रिंटमध्ये त्याला शोधावं लागतं. नारिंगी कातडी आणि हिरवी पानं यांच्या उजेडात फारसा फरक नसतो. फरक असतो तो रंगाचा, आणि फिल्म नेमका तोच टाकून देते. हरणांचंही तसंच. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून आपल्याला भडक वाटणारा वाघ त्यांच्या लेखी गवतात मिसळून गेलेला असतो. फिल्टर न लावता वाघाचा फोटो काढणारा माणूस थोडाफार हरणाच्याच नजरेने बघतो म्हणा ना!

प्राणिसंग्रहालयाच्या काही कृष्णधवल फोटोंमध्ये अंगावर येणारा भकासपणा असतो. लोक तो प्राण्याच्या डोळ्यांत शोधतात. माझ्या मते तो बराचसा मधल्या राखाडी छटा उडवल्यामुळे येतो. फक्त काळं आणि पांढरं उरलं की सिमेंटचा कट्टा, गज, पट्टे सगळं एकदम टोकदार होतं. या छटा उडवायच्या दोन जागा आहेत: लेन्सवरचा फिल्टर (रंगीत काच) आणि डेव्हलपिंगची टाकी, जिच्यात रसायनाने फिल्मवरचं चित्र उमटवतात.

फिल्ममधले सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या क्षारांचे स्फटिक मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतात. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की त्यात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर त्यांना हिरवाही ‘दिसू’ लागतो. पुढे लालही दिसू लागला आणि आजची पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारी फिल्म तयार झाली. या फिल्मपुढे गडद लाल, म्हणजे २५ नंबरचा फिल्टर धरला, की निळा आणि हिरवा बाहेरच थांबतात. पानं काळवंडतात. वाघाच्या कातडीतला नारिंगी मात्र आरपार जातो, त्यामुळे ती जवळजवळ पांढरी उमटते आणि पट्टे काळेच राहतात. ज्या रंगाच्या जोरावर वाघ लपतो, तोच त्याला उघडा पाडतो.

याची किंमत तीन स्टॉप. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे प्रकाश आठ पटींनी कमी. आणि लाल फिल्टरने आभाळ काळंकुट्ट होतं ते निळं असेल तरच. मार्च-एप्रिलमधल्या मुंबईच्या धुरकट, पांढुरक्या आभाळावर त्याचा फार उपयोग होत नाही. पावसाळा सरल्यावर जो स्वच्छ दिवस मिळेल, तो पकडावा.

आता टाकी. प्रकाशाचे कण स्फटिकावर आदळले, की त्यात चांदीचे मोजके अणू एकत्र येऊन एक ठिपका बनतो. साधारण चार अणू जमले तरी डेव्हलपरला, म्हणजे टाकीतल्या रसायनाला, तेवढी खूण पुरते. तो त्या स्फटिकातले अब्जावधी आयन चांदीत बदलून टाकतो. पण खूणच उमटली नसेल, तर डेव्हलपर तरी काय करणार?

‘पुश’ करण्याची, म्हणजे फिल्मला कमी प्रकाश देऊन ती टाकीत जास्त वेळ ठेवण्याची, सगळी गंमत इथे आहे. ४०० आयएसओची (हा फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) एचपी५ प्लस फिल्म १६०० ची आहे असं समजून वापरली, तर तिला दोन स्टॉप कमी प्रकाश मिळतो. पिंजऱ्याच्या आतल्या अंधारातल्या स्फटिकांवर खूण उमटतच नाही. मग आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सियसला नेहमीच्या साडेसात मिनिटांऐवजी १४ मिनिटं ठेवली, की उन्हातल्या भागावर चांदी चढत राहते, अंधार मात्र निगेटिव्हवर कोराच राहतो. प्रिंटमध्ये तो दाराआडचा ठार काळा चौकोन होतो, आत खोली आहे की नाही हेही कळत नाही. वर ग्रेनही, म्हणजे चित्रातला दाणाही, खरबरीत होतो, तो वेगळाच.

मुंबईत उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. त्या तापमानाला फिल्म १४ मिनिटं ठेवली तर निगेटिव्ह इतकी दाट होते, की प्रिंट काढणं मुश्कील. बर्फाचे खडे टाकलेल्या परातीत बाटल्या थंड कराव्यात आणि थर्मामीटर बघूनच टाकी भरावी.

लाइट मीटरचं मात्र ऐकू नये. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरूनच तो हिशोब करतो. काळ्या दाराकडे रोखला तर दार राखाडी करून देईल. ऊन पडलेल्या कट्ट्यावर मोजावं, त्याहून एखादा स्टॉप जास्त प्रकाश द्यावा आणि सावलीचं जे होईल ते होऊ द्यावं.

बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनना यातलं काहीच लागत नाही. ते आधीच काळे-पांढरे. पुश केलेल्या रोलवर त्यांचं पोट चुन्यासारखं सपाट होतं, पिसांचा पत्ता लागत नाही. त्यात त्यांचं दालन बंदिस्त, दिव्यांच्या उजेडातलं, म्हणून तिथे लाल फिल्टर काढूनच ठेवावा. शिवाय टाकीत जातो तो अख्खा रोल. काही फ्रेम पुश आणि काही साध्या, अशी सोय नाही. त्यांच्यासाठी दुसरा रोल न्यावा आणि डब्यांवर कोणता कशाचा ते लिहून ठेवावं.