राग आधी, 'थांब' नंतर

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पस्तिशीतला एक सुपरवायझर आहे. रंगाच्या छटेवरून व्यापाऱ्याचा खोचक मेसेज येतो आणि तो पुरता वाचायच्या आतच याचा व्हॉइस मेसेज गेलेला असतो: "नको असंल तर माल परत पाठव की!" दहा मिनिटांत राग उतरतो, पण ऑर्डर गेलेली असते. घरचे म्हणतात, बापावर गेलाय. त्यात तथ्य असू शकतं. या भडक्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवेग आवरणं अवघड करणारा मेंदूचा विकार असेल, तर जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतला त्यातला ७० ते ८० टक्के फरक आनुवंशिक असतो.

एडीएचडी म्हटलं की आपल्याला वर्गात चुळबुळ करणारं पोर आठवतं. पण जगभरातल्या प्रौढांपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास लोकांना तो असतो, आणि अनेकांना लक्ष भरकटण्यापेक्षा भावनांचा भडकाच जास्त महागात पडतो. गंमत म्हणजे २०१३च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत चटकन चिडणं मुख्य लक्षणांत नाही, जोडीला दिसणाऱ्या गोष्टींत आहे. मला हे अपुरं वाटतं.

प्रयोगशाळेत याची एक सोपी चाचणी असते. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, पण मध्येच 'थांब'चा इशारा आला तर हात आवरायचा. मेंदूत 'कर' आणि 'थांब' यांची शर्यत लागते. एडीएचडी असलेल्यांचा 'थांब' सरासरीने उशिरा पोचतो. भावनांच्या बाबतीतही असंच काहीसं घडतं, असं मानलं जातं. धोका किंवा अपमान टिपणारा मेंदूतला भाग, अमिग्डाला, झटकन पेटतो. त्याला आवरणारा कपाळामागचा भाग, जो मेंदूतल्या रसायनांवर, म्हणजे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर चालतो, तितक्या वेगाने पोचत नाही. म्हणून "जरा विचार करून बोलत जा" हा सल्ला पटतो, पण ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

त्यात अपुरी झोप ही लगाम आणखी सैल करते, कुणाचीही. मे महिन्यात सोलापुरात रात्रभर तळमळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एडीएचडीवरची मिथाइलफेनिडेटसारखी औषधं चंचलता कमी करतात. भावनांवर त्यांचा परिणाम होतो, पण थोडा कमी. सोबत वर्तनोपचार लागतात. उत्तर लिहून ठेवायचं आणि जेवण झाल्यावर पाठवायचं, असे साधे अडथळेही कामी येतात.

अर्थात प्रत्येक तापट माणसाला एडीएचडी नसतो. मानसोपचारतज्ज्ञ आधी लहानपणाबद्दल विचारतात, कारण काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात. अशा वेळी आईला सोबत नेलेलं बरं. शाळेतल्या तक्रारी तिला पाठ असतात.