भीतीचा पत्ता: खोली बदलली की मेंदूत काय बदलतं?

अत्याचार सोसलेल्या मुलाची झोपायची खोली एका दिवसात नवीकोरी करून देणाऱ्या स्वयंसेवी गटांच्या चित्रफिती अमेरिकेतून अधूनमधून आपल्या मोबाइलवर येऊन पडतात. मूल दिवसभर बाहेर, इकडे रंगारी, सुतार, नव्या गाद्या, दिव्यांच्या माळा. संध्याकाळी दार उघडतं, मूल दोन्ही हात तोंडावर नेतं आणि सगळे डोळे पुसतात. खालच्या प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या असतात. एक, ‘किती गोड!’ दुसरी, ‘रंग लावून कधी जखमा भरतात का?’ दोन्हींत तथ्य अर्धंच आहे. खोली बदलण्यामागे भक्कम मज्जाशास्त्र आहे. मात्र त्या चित्रफितीतला सगळ्यात गोड क्षण, म्हणजे अचानक उघडलेलं ते दार, नेमका त्या शास्त्राच्या उलट जातो.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यातल्या निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा ओळखीचा किंवा विश्वासातला माणूस होता. ओळखीचा माणूस म्हणजे पुष्कळदा ओळखीचीच जागा. ज्या छताखाली ते घडलं त्याच छताखाली मुलाला रात्री झोपायचं असतं.

भीती शिकली जाते हे शाळेत पाव्हलोवच्या कुत्र्यासोबत आपण उरकलेलं असतं. उंदराला पिंजऱ्यात शिट्टी ऐकवून लगेच हलका विजेचा झटका दिला, की काही वेळातच तो नुसत्या शिट्टीने थिजतो. पण शाळेत एक गोष्ट राहून जाते. दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्यात, शिट्टी न वाजवता नुसतं ठेवलं तरी तो थिजतो. म्हणजे त्याने दोन भीती शिकलेल्या असतात, एक आवाजाची आणि एक जागेची. या दोन्हींची मेंदूतली दप्तरं वेगळी आहेत. १९९२ साली फिलिप्स आणि लेडू यांनी दाखवलं, की बदामाच्या आकाराचा अमिग्डला निकामी केला तर दोन्ही भीती जातात, पण हिप्पोकॅम्पस निकामी केला तर फक्त जागेची जाते, शिट्टीची राहते. हिप्पोकॅम्पस हा भीतीचा पत्ता लिहून ठेवणारा कारकून आहे.

आता उपचार. शिट्टी पुन्हा पुन्हा वाजवायची आणि झटका द्यायचाच नाही, मग थिजणं हळूहळू थांबतं. पूर्वी समजूत होती की जुनी भीती पुसली जाते. ती पुसली जात नाही. बूटन आणि बोल्स यांनी १९७९ मध्ये उंदरांना एका पिंजऱ्यात भीती शिकवली आणि दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पिंजऱ्यात ती घालवली. मग उंदीर मूळ पिंजऱ्यात परत ठेवले, तर भीती जशीच्या तशी परत! ‘शिट्टी म्हणजे धोका’ या धड्यावर ‘शिट्टी म्हणजे काही नाही’ असा दुसरा धडा चढलेला असतो, एवढंच. आणि गंमत (वाईट अर्थाने) अशी, की पहिला धडा कुठेही आठवतो, दुसरा मात्र बहुतेक वेळा जिथे शिकला तिथेच.

हे मुलावर लावून पाहा. अत्याचारातून आलेल्या मानसिक आघातासाठी मुलांना दिली जाणारी सगळ्यात अभ्यासलेली उपचारपद्धती आघातकेंद्री वर्तनोपचाराची आहे. साधारण १२ ते १६ बैठका, सोबत पालक. त्या बैठका समुपदेशकाच्या खोलीत होतात. तिथे मूल शांत होतं, बोलतं, चित्र काढतं. घरी येऊन आडवं पडतं आणि वर तोच पंखा, त्याच कोनात, तोच छताचा पोपडा. आई-वडील म्हणतात, ‘मॅडमकडे बरं असतं, घरी आलं की पुन्हा तेच.’ यात मुलाचा हट्ट नाही आणि उपचाराचं अपयशही नाही. दुसरा धडा समुपदेशकाच्या पत्त्यावर जमा झालाय.

मग पत्ता बदलता येतो का? इथून पुढचा भाग जरा किचकट आहे, पण खरी मौज इथेच आहे.

१९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी असतानाच चमकतात. या ‘स्थान-पेशीं’साठी २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक पेशी कोपऱ्यासाठी, दुसरी दाराजवळच्या हातभर जागेसाठी, असं करत सगळ्या मिळून खोलीचा नकाशा होतो. १९८७ मध्ये म्युलर आणि क्युबी यांनी उंदराला गोल डब्यातून चौकोनी डब्यात ठेवलं, तर नकाशा नुसता ताणला गेला नाही, पार नवा काढला गेला. १९९१ मध्ये बोस्टॉक आणि सहकाऱ्यांनी त्याहून साधा बदल केला. डब्याच्या भिंतीवरचं पांढरं कार्ड काढून काळं लावलं. काही उंदरांचा नकाशा बदलला, पण काहींचा पहिल्या भेटीत नाही, पुन्हा पुन्हा आत गेल्यावर बदलला. मेंदूला आधी ते ‘तेच कार्ड, रंग वेगळा’ वाटतं, अनुभव साठला की ‘वेगळी जागा’ ठरते.

२००५ मध्ये लॉयटगेब आणि मोझर दांपत्याच्या गटाने यातली मेख उलगडली. रात्री सोसायटीच्या इमारतीकडे दुरून पाहा. कोणकोणत्या खिडक्यांत (म्हणजे पेशींत) दिवा आहे ही एक माहिती, आणि प्रत्येक दिवा किती तेज आहे ही दुसरी. उंदीर त्याच जागी ठेवून फक्त डब्याचा रंग किंवा आकार बदलला, तर त्याच खिडक्या उजळलेल्या राहिल्या, तेज मात्र खूप बदललं. खरोखर दुसऱ्या खोलीत नेलं, तर खिडक्याच दुसऱ्या उजळल्या. पहिल्याला दर-बदल (पेशी चमकण्याच्या दरातला बदल) म्हणा, दुसऱ्याला पूर्ण फेरआखणी. म्हणजे नुसत्या रंगाने मेंदू फार तर ‘जागा तीच, प्रसंग निराळा’ असं नोंदवेल. उंदराच्या डब्यावरून मुलाच्या खोलीवर मारलेली उडी लांबची आहे, हे मान्य. तरी त्यातून निघणारी शिफारस स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. घरात दोन खोल्या असतील तर रंगाच्या आधी खोल्यांची अदलाबदल करा.

मग सगळंच बदलून टाकावं? तेही नाही. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. २०१६ मध्ये तामाकी, सासाकी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांमध्ये दाखवलं, की अशा रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो आणि वेगळ्या आवाजाला पटकन जागा होतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा. आधीच पहाऱ्यावर असलेल्या मुलाला एका संध्याकाळी संपूर्ण परकी खोली देणं म्हणजे पहारा दुप्पट करणं. म्हणून भीती वाहणाऱ्या वस्तू जायला हव्यात आणि धीर देणाऱ्या राहायला हव्यात. कोणती कुठली, हे बाहेरून कळत नाही. आजीच्या जुन्या लुगड्यांची विटकी गोधडी सजावटवाल्याला केर वाटते, मुलासाठी ती खोलीतली एकमेव सुरक्षित वस्तू असू शकते.

निवड मुलाच्या हाती देण्यामागे आणखी एक कारण आहे. मायर आणि सेलिगमन यांनी १९६७ मध्ये ‘शिकलेली असहायता’ मांडली होती. २०१६ मध्ये त्यांनीच ती उलटी केली. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावा लागतो तो ताबा. आपल्या कृतीने काही बदलतं हे मेंदूच्या पुढच्या भागाला कळलं, की तो खालच्या घाबरट केंद्राला आवर घालतो. अत्याचारात मुलाचा ताबाच हिरावला जातो. त्यामुळे रंग कोणता यापेक्षा तो कुणी निवडला हे महत्त्वाचं. शेडकार्डावरच्या हजार छटा पुढे ठेवू नका, मूल गोंधळतं. दोन-तीन छटांचे दोन-दोन फुटांचे पट्टे भिंतीवर लावून ठेवा, दिवसा आणि दिव्याच्या उजेडात दोन दिवस पाहू द्या, मग विचारा.

आता प्रत्यक्ष काम, आणि त्यात पहिली पायरी हात न लावण्याची. तक्रार झाली असेल किंवा होणार असेल, तर पंचनामा होईपर्यंत खोली धुऊ नका, चादरी भिजवू नका. मायेपोटी सगळं स्वच्छ करून टाकणं ही हमखास होणारी चूक आहे, पुरावा बादलीत जातो. कपडे-चादरी पोलिसांच्या हाती द्यायच्या असतील तर कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही, कारण कोंडलेल्या ओलीने डीएनए खराब होतो. पॉक्सो कायद्यानुसार, २०१२ पासून, अशा गुन्ह्याची खबर देणं बंधनकारक आहे आणि मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन. आणि अत्याचार करणारा त्याच घरात ये-जा करत असेल, तर रंगाचा डबा उघडूच नका. ‘आता इथे सुरक्षित आहे’ असं सांगणारी खोली खोटी ठरली, की पुढच्या कुठल्याच दिलाशावर मूल विश्वास ठेवत नाही.

रंगाचं म्हणाल तर सगळे भिंती रंगवतात आणि छत विसरतात. आडवं पडलेल्या मुलाला काय दिसतं? छत, पंखा आणि उशीसमोरची भिंत. पैसे कमी असतील तर एवढंच रंगवा. १० बाय १२ फुटांच्या खोलीच्या चारही भिंतींना दोन हातांसाठी जेवढं इमल्शन लागतं, छत आणि एक भिंत साधारण त्याच्या निम्म्यात होते. ऑइलपेंट नको. त्याचा वास दिवसेंदिवस राहतो, आणि वास हा इतर संवेदनांसारखा थॅलॅमसच्या टपालघरातून फिरून न जाता जवळजवळ थेट अमिग्डलापर्यंत पोचतो. तंबाखू, एखादं केसांचं तेल, ठरावीक साबण यांचा वास गादीत मुरलेला असेल तर वर अत्तर शिंपडून उपयोग नाही, दोन वासांची जोडी तयार होते. कापसाची गादी नुसती पिंजून घेतली तरी कापूस तोच राहतो, म्हणून इथे कापूसच नवा घ्यावा. नवं प्लायवूडचं फर्निचर आणलं तर खिडक्या उघड्या ठेवून आठवडाभर वारं लागू द्या, मूल तोवर दुसरीकडे झोपू दे.

पलंगाची उशी भक्कम भिंतीला, दार नजरेत पण अगदी समोर नाही. पलंगाखाली एकतर पूर्ण बंद खोकं किंवा वाकल्यावर आरपार दिसेल एवढी मोकळी जागा. अर्धवट अंधारी फट सगळ्यात वाईट. आरसा उशीसमोर नको, अर्धवट झोपेत त्यात हललेले स्वतःचेच हात-पाय दचकवतात. यात वास्तुशास्त्र शोधू नका. डोकं दक्षिणेला की पूर्वेला हे मुलाच्या अमिग्डलाला माहीत नसतं, दार दिसतंय की नाही हे असतं. ‘वास्तुदोषामुळे असं घडलं’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं, कारण तो गुन्हेगाराचा दोष भिंतीवर ढकलतोय.

दाराची बाहेरची कडी काढून टाका, विशेषतः शिक्षा म्हणून मुलाला कोंडलं जात असेल तर. आतून लागणारी, पण अडचणीत बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी बसवा. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालण्याआधी विचारा. काही मुलांना तो आवाज नको असतो, तर काहींना ‘कुणी आलं तर कळेल’ म्हणून हवाच असतो.

दिव्याला जिन्यात असतो तसा टू-वे स्विच, एक दाराशी आणि एक उशीशी हाताला येईल असा. हालचालीवर आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे नकोत, कूस बदलली की खोली लख्ख होते. साध्या एलईडीला डिमर लावला तर तो लुकलुकतो, त्याऐवजी वेगळा मंद दिवा घ्या. आपल्याकडे निळ्या झीरो बल्बची परंपरा आहे, पण डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला ‘दिवस आहे’ असं सांगून मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशालाच सगळ्यात जास्त दाद देतात, आणि मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो. नारिंगी किंवा पिवळा दिवा, गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे. उशीपाशी एक-दोन लक्स (लक्स हे उजेडाचं माप) पुरे. मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स देते, त्यावरून अंदाज घ्या.

बाजारात काय विकलं जातं तेही पाहू. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी तुरुंगात गुलाबी कोठडीमुळे कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तुलना केली, तेव्हा काही फरक दिसला नाही. ‘शांत करणारा रंग’ म्हणून महागडी छटा घेऊ नका. वजनदार पांघरुणांचंही तसंच. स्वमग्न मुलांवरच्या २०१४ च्या चाचणीत झोप सुधारली नाही. शिवाय ज्या मुलावर कुणाच्या तरी शरीराचा भार पडलेला आहे, त्याच्या अंगावर सात किलोचं पांघरूण टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

बूटन यांच्याच प्रयोगशाळेतून आलेली एक युक्ती मात्र फुकटात होते. शिकलेली सवय घालवताना हजर असलेली एखादी खूण मूळ जागी सोबत ठेवली, तर परत उसळणारी सवय कमी होते (ब्रुक्स आणि बूटन, १९९४; उंदरांचा तो प्रयोग भीतीचा नव्हे, खाऊच्या अपेक्षेचा होता). समुपदेशकाच्या खोलीतली छोटी उशी, तिथे काढलेलं चित्र, तिथली एखादी बाहुली मुलाच्या उशाशी असू द्या. मात्र तिथे नेहमी हाताळलेलीच वस्तू हवी, दुकानातून आणलेली तिच्यासारखी नको.

एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे हे सगळं कसं? तिथे खोली नसते, अंथरूण असतं. अंथरुणाचा कोपरा आणि डोक्याची दिशा बदला, शेजारी कोण झोपणार हे मुलाला ठरवू द्या, भिंत चार फुटांपर्यंत त्याच्या पसंतीने रंगवा. तारेवर पडदा टाकलात तर तो जमिनीपासून सहा इंच वर ठेवा, म्हणजे कुणाचे पाय येतायत ते दिसतं. स्वतःची कुलपाची पेटी आणि स्वतःची टॉर्च. बालगृहांच्या नियमांत २५ मुलांच्या शयनकक्षाला १००० चौरस फूट धरलेत, म्हणजे दर मुलामागे ४० चौरस फूट. तेवढ्यातही पलंगाची जागा निवडू देणं आणि उशाशी स्वतःचा दिवा देणं जमतं.

काम टप्प्याटप्प्याने, तीन-चार आठवड्यांत करा, पुढच्या टप्प्याची तारीख मुलाला माहीत असू द्या. पहिले काही दिवस झोप बिघडेल, अंथरूण ओलं होईल, मूल आईला चिकटून झोपायला मागेल. त्याने खोली फसली असं ठरवू नका. तीन महिन्यांनी मूल पलंग पुन्हा उलट्या भिंतीला न्यायला सांगेल, कदाचित दर महिन्याला. पलंगाच्या पायांखाली आधीच नमद्याचे गोल तुकडे चिकटवून ठेवा, म्हणजे ते स्वतःच ओढून नेईल.