‘निसर्गाचा समतोल’ ही कल्पना आली कुठून आणि बदलत कशी गेली

निसर्गाचा समतोल बिघडला असं आपण सगळेच सहज बोलून जातो, पण हा समतोल कोणी मोजला होता, तो खरंच तसा होता का, यावर अभ्यासकांमध्ये शंभरेक वर्षं वाद चाललाय आणि तो वाद माहीत असला की जंगल, तळी, समुद्र याबद्दलच्या आजच्या बातम्या जास्त नीट कळतात.

मूळ कल्पना जुनीच. १७४९ मध्ये लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाने आलेल्या प्रबंधात मांडणी अशी होती की देवाने प्रत्येक जीवाला त्याची जागा आणि काम नेमून दिलंय, कोण किती वाढणार तेही ठरलेलं. निसर्ग हळूहळू बदलतो याचा नीट अभ्यास खूप नंतर झाला. १८९९ मध्ये हेन्री काउल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरचा अभ्यास छापला. तिथे पाण्यापासून जितकं आत जावं तितकी टेकडी जुनी, म्हणजे काठाला गवत, मग झुडपं, मग पाइन, मग ओक असा सगळा काळच जमिनीवर पसरलेला दिसतो.

यावरून फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये मोठा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं, वनस्पतींचा समूह हा एखाद्या जिवंत देहासारखाच जन्मतो, वाढतो आणि शेवटी त्या हवामानाला साजेशा पक्व अवस्थेत स्थिरावतो, त्याला नाव दिलं क्लायमॅक्स. आग लागली, झाडं तोडली तरी मोकळं सोडलं की गाडी परत तिथेच येणार. हे ऐकायला इतकं छान होतं की पुढची कित्येक वर्षं तेच शिकवलं गेलं.

हेन्री ग्लीसन मात्र म्हणाला की असं काही नसतं. १९२६ च्या त्याच्या लेखाचा सूर असा की प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे जगते, कुठलं बी कुठे पोचलं यात नशिबाचाही भाग असतो, आणि आपल्याला जो समूह दिसतो तो त्या वेळेपुरता जमलेला असतो. त्याला फारसं कोणी ऐकलं नाही आणि तो वनस्पतींच्या वर्गीकरणाकडे वळला, मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट वाटते. कारण पुढे मार्गारेट डेव्हिस आणि इतरांनी तळ्यांच्या गाळातले जुने परागकण मोजले तेव्हा दिसलं की हिमयुग संपल्यावर उत्तर अमेरिकेतली झाडं एकत्र सरकलीच नव्हती, प्रत्येक जात वेगळ्या वेगाने, वेगळ्या वाटेने आली. म्हणजे अनादि काळापासूनचं वाटणारं जंगल तसं अलीकडेच जुळून आलेलं. ‘इकोसिस्टिम’ (परिसंस्था) हा शब्दही याच भांडणातून आलाय, १९३५ मध्ये आर्थर टान्सलीने तो वापरला, कारण समूहाला जिवंत देह म्हणणं त्याला पटत नव्हतं आणि माती, पाणी, हवा यांनाही धरून बोलायचं होतं.

नंतरचा प्रश्न, जाती जास्त असल्या की स्थिरता जास्त का? १९५० च्या दशकात उत्तर सरळ ‘हो’ होतं. १९७२ मध्ये रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं की जाती आणि त्यांच्यातले संबंध कसेही वाढवत गेलं तर उलट अस्थिरता वाढते. बराच गोंधळ झाला. मग डेव्हिड टिलमनने मिनेसोटात गवताच्या वाफ्यांवर काम केलं आणि तिथे १९८८ चा दुष्काळ पडला, त्यात जास्त जातींचे वाफे कमी सुकले आणि लवकर सावरले. एकेक जात वरखाली होत राहते, पण एकूण हिरवाई टिकते, कारण एक मागे पडली की दुसरी जागा भरते.

पण माझ्या मते खरं वळण १९७३ चं. सी. एस. हॉलिंगने कॅनडातल्या जंगलातली अळी पुढे केली, जी काही दशकांनी उसळते आणि फर झाडं मारून टाकते, पण त्यामुळेच स्प्रूस आणि बर्चला जागा मिळते. आकडे सतत हलतात, जंगल राहतं. म्हणून त्याने विचारायचा प्रश्नच बदलला, धक्का किती मोठा बसला तर ही व्यवस्था दुसरीच होऊन जाईल? धक्के सोसूनही तीच व्यवस्था राहण्याच्या या गुणाला त्याने रेझिलियन्स म्हटलं.

जमैकात याचं भयंकर उदाहरण झालं. मासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपत आले होते, ते काम एकटे समुद्री साळू (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे प्राणी) करत होते आणि वरून सगळं ठीक दिसत होतं. १९८० मध्ये मोठं वादळ आलं, पोवळी परत वाढू लागली. १९८३ मध्ये रोगाने साळू जवळजवळ सगळे मेले. १९७० च्या दशकाच्या शेवटी ५२ टक्के असलेलं पोवळ्यांचं आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आलं आणि शेवाळ ४ वरून ९२ वर. नुसतं मोकळं सोडून हे मागे फिरलं नाही.

म्हणूनच आता व्यवस्था अशी पलटायच्या आधी काही खूण दिसते का, हे शोधणं चालू आहे. स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून मिशिगनमधल्या एका लहान तळ्यात मोठे शिकारी मासे थोडे थोडे सोडले, शेजारचं तळं तुलनेसाठी तसंच ठेवलं आणि रोज मोजमाप केलं. अन्नसाखळी पूर्ण पलटायच्या वर्षभर आधीच पाण्यातल्या हरितद्रव्याचे चढउतार वाढलेले दिसले. अर्थात ते कळलं कारण त्या तळ्यांच्या नोंदी बऱ्याच वर्षांपासून ठेवलेल्या होत्या, बहुतेक जंगलांच्या आणि समुद्रांच्या तशा नोंदीच नाहीत.